मदत हवी आहे : बुलेटच्या तीनचाकीचा शाफ्ट ४० च्या वेगाला थरथरतो, बॅलन्स करूनही फरक नाही

मळ्यातला :

नमस्कार मंडळी. मी उचगावचा, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरचं उचगाव. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं दुखणं कळणार नाही.

धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, असतो. बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर त्यानं बरीच वर्षं चालवली, पण ती रस्त्याच्या उतारावर एका अंगाला कलते आणि मागं सामान लादलं की पुढचं चाक हलकं होतं. रताळ्याच्या हंगामात त्याला दोन पोती तरी मळ्यातून घरापर्यंत आणता यावीत, कुणाची वाट बघावी लागू नये, एवढीच इच्छा. म्हणून जुनी चार गिअरची ३५० बुलेट घेतली. या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात असतो आणि ब्रेक डाव्या पायात. त्यामुळे गिअर त्याच्या चांगल्या पायाखाली आला. मागचा ब्रेक आम्ही हातावर घेतला. किक मात्र अजून कुणीतरी मारून द्यावी लागते.

मागची रचना अशी : बुलेटची चेन डाव्या बाजूला, म्हणून डिफरन्शिअलही (दोन्ही चाकांना ताकद वाटून, वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) डावीकडे सरकवून चॅसीला पक्का बसवला आहे. भंगारातल्या छोट्या कारचा डिफरन्शिअल, त्याचं क्राउन व्हील (मोठं दातेरी चाक) काढून तिथं चेनचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट. त्यातून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट निघतो. प्रत्येक शाफ्टला दोन टोकांना क्रॉस जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारा सांधा) आणि मध्ये सहा खाचांचा स्प्लाइन (एकमेकांत सरकणारा जोड), म्हणजे शाफ्ट लांब-आखूड होऊ शकतो. चाकं ट्रेलिंग आर्मवर (पुढच्या टोकाला चॅसीला बिजागरीसारखे जोडलेले, वर-खाली हलणारे दांडे), एकमेकांपासून सुटी. टायर रिक्षाचे, ४.०० - ८.

त्रास : २५ च्या वेगाला थरथर सुरू होते, ४० ला सीट, हँडल, फूटबोर्ड सगळं हादरतं. रिकाम्या गाडीला कमी, दोन पोती टाकली की जास्त. थ्रॉटल दिला की वाढते. क्लच दाबून गाडी सोडली की कमी होते, पण जात नाही. चेनची खालची बाजू चॅसीवर थाडथाड आपटते, ताणली तरी आपटते.

आतापर्यंत केलेलं : दोन्ही चाकं बॅलन्स केली, चारही क्रॉस नवे टाकले, एका कारखान्यात दोन्ही शाफ्ट बॅलन्स करून आणले (१,४०० रुपये). तसूभरही फरक नाही. आता तिथलेच लोक म्हणतात, शाफ्टची नळी जाड टाका.

भावाची तक्रार नाही, तो म्हणतो चालवेन. पण थरथरीनं कॅलिपरचा पाय फूटबोर्डवरून सरकत सरकत कडेला येतो आणि दर थोड्या वेळानं त्याला हातानं उचलून आत ठेवावा लागतो. चालत्या गाडीत एक हात सोडून. मला ते बघवत नाही. गाडी अजून मळ्याच्या रस्त्यावरच आहे. आरटीओत अर्ज दिलाय, तपासणी व्हायची आहे, त्याआधी हे सुटायला हवं.

चिक्कोडी रस्ता :

आधी कागदाचं बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीत असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. अपंग माणसासाठी बदल करायची वाट कायद्यात आहे, पण तीही नोंदणी अधिकाऱ्याकडूनच जाते. तुम्ही अर्ज दिलाय ते बरं केलंत. वेल्डिंग केलेल्या प्रत्येक जागेचे फोटो जपून ठेवा, तपासणीत विचारतील.

थरथरीचं म्हणाल तर चाकाचे बेअरिंग बघितलेत का? आमच्या मालवाहू रिक्षाला असंच होत होतं, हबचं बेअरिंग निघालं.

मळ्यातला :

बघितलं दादा. चाक उचलून वर-खाली, आडवं हलवून बघितलं, खेळ नाही.

लेथवाला, उद्यमबाग :

मालक, नळी जाड करून काही होणार नाही, पैसे घालवू नका. हिशेब बघा. ४.०० - ८ टायरचा घेर साधारण १.३ मीटर. ४० च्या वेगाला चाक सेकंदाला साडेआठ फेरे मारतं, म्हणजे मिनिटाला पाचशेच्या आसपास. तुमचा शाफ्ट डिफरन्शिअलच्या पुढचा, तो चाकाच्याच वेगानं फिरतो. ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला दोन-तीन हजार फिरतो, तिथं बॅलन्सला महत्त्व. पाचशे फेऱ्याला हातभर शाफ्टमध्ये थोडं वजन इकडंतिकडं असलं तरी सीट हादरत नाही.

एक काम करा. मोबाइलमध्ये थरथर मोजायचं ॲप येतं, फोन फूटबोर्डला चिकटपट्टीनं घट्ट बांधा आणि ४० ला सेकंदाला किती हेलकावे येतात ते सांगा. साडेआठ आले तर चाक किंवा शाफ्ट वाकडा. सतरा आले तर दुखणं क्रॉसमध्ये.

मळ्यातला :

आज संध्याकाळी दोन पोती टाकून तीन वेळा मोजलं. ४० ला १७. २५ ला १० ते ११ च्या मध्ये. पण क्रॉस तर चारही नवे आहेत?

गडहिंग्लजची मेकॅनिकलवाली :

नव्या क्रॉसचाही हाच स्वभाव असतो, दोष क्रॉसचा नाही. मी डिप्लोमाच्या मुलांना हे शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्रॉस जॉइंट कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढं धावतो, दोनदा मागं रेंगाळतो. कोन जेवढा मोठा तेवढं हे जास्त : १० अंशाला दीड टक्का, १६ अंशाला चार टक्के. एका फेऱ्यात दोनदा म्हणून तुमचे साडेआठाचे सतरा झाले. दुसरा क्रॉस असतो तो याचसाठी, पहिल्यानं बिघडवलेलं तो उलट्या दिशेनं भरून काढतो. पण दोन गोष्टी जमल्या तरच. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे फोर्क, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, एकाच पातळीत हवेत. फोर्क एकमेकांशी काटकोनात असले तर दुसरा क्रॉस चूक भरून काढण्याऐवजी दुप्पट करतो. काटकोनात ठेवलं की मजबूत होतं, असं सांगणारे मिस्त्री मी पाहिलेत, आणि ते अगदी विश्वासानं सांगतात.

तुमची चेन का आपटते तेही यातूनच कळतं. चाक रस्त्याला धरून आहे, त्याचा वेग बदलू शकत नाही. मग बदल मागं ढकलला जातो, डिफरन्शिअलमध्ये आणि तिथून चेनमध्ये. चेन एका फेऱ्यात दोनदा ताणते, दोनदा ढिली पडते. वरून कितीही ताणा, ते तसंच राहणार.

मला तीन मापं द्या : डिफरन्शिअलकडच्या क्रॉसपासून चाकाकडच्या क्रॉसपर्यंतचं आडवं अंतर, डावीकडचं आणि उजवीकडचं. आणि माल टाकल्यावर चाकाचा मध्य डिफरन्शिअलच्या मध्यापेक्षा किती वर येतो. मोजताना जॅक चॅसीला लावू नका, चाकं लोंबतील आणि कोन भलताच येईल. गाडी जमिनीवर, पोती गाडीत, तशीच मोजा. फोर्क बघायला चाक फिरवावं लागेल, तेव्हा जॅक आर्मच्या खाली लावा. आणि पुढच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.

मळ्यातला :

ताई, मापं घेतली. डावा २६० मिमी, उजवा ४१०. रिकाम्या गाडीला चाकाचा मध्य ४० मिमी वर, दोन पोत्यांना ७५ मिमी वर.

आणि फोर्क. उजव्या शाफ्टचे दोन्ही फोर्क एका पातळीत आहेत, गुण्या लावून बघितलं. डाव्याचे नाहीत! काटकोनातही नाहीत, तिरपे आहेत. मला तर आधी वाटलं शाफ्टच पिळला गेलाय.

गडहिंग्लजची मेकॅनिकलवाली :

पिळला नाही. सहा खाचांचा स्प्लाइन, एक खाच चुकली की ६० अंश. जोडताना एक खाच पुढं बसवला गेला आहे.

तोही नेमका डावा, जिथं कोन मोठा. ७५ ला २६० नं भागा : माल टाकल्यावर डावीकडं कोन १६ अंश, उजवीकडं साधारण साडेदहा. रिकाम्या गाडीला डावा पावणेनऊ. पोती टाकली की थरथर का वाढते ते यात आलं. १६ अंशाला एका क्रॉसचे चार टक्के, आणि ६० अंश चुकलेल्या फोर्कला त्याच्या पावणेदोन पट, म्हणजे सात टक्क्यांच्या घरात. चाक एका वेगानं फिरतंय आणि त्याला जोडलेला डिफरन्शिअलचा गिअर एका फेऱ्यात दोनदा सात टक्के मागंपुढं होतोय. सीट हादरणारच.

लेथवाला, उद्यमबाग :

आता कळलं बॅलन्स करूनही फरक का पडला नाही. कुठलाही चांगला टर्नर शाफ्ट सोडवताना पंचानं खुणा मारतो आणि होता तसाच जोडून देतो. त्यानं त्याचं काम चोख केलं, पण चूकही खुणा मारून जपली.

सोडवण्याआधी जुन्या खुणा घासून काढा, नाहीतर पुढचा माणूस परत तिथंच जोडेल. स्प्लाइन पूर्ण बाहेर ओढा, रॉकेलनं धुवा, खाचांच्या कडा बोटानं चाचपून बघा. कड गोल झाली असेल तर शाफ्ट बदला. फोर्क एका पातळीत आणा, ग्रीस भरा, नवी खूण मारा आणि तिच्यावर पिवळा रंग लावा. बॅलन्स परत करायची गरज नाही.

एक विनंती आहे. दोन्ही शाफ्टना खालून लोखंडी पट्टीची कमान बसवून घ्या, चॅसीला बोल्ट करून. क्रॉस तुटला तर फिरता शाफ्ट फूटबोर्डकडं यायला नको. तुमचा भाऊ पाय झटकन उचलू शकत नाही, म्हणून सांगतो.

मळ्यातला :

काल रात्रीच सोडवला, सकाळपर्यंत धीर धरवला नाही. एकच खाच. खाचांच्या कडा चांगल्या आहेत. दोन्ही शाफ्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारली.

आज सकाळी दोन पोती टाकून भावानं ४० ला गाडी नेली, मी मागं बसलो. चेनचा आवाज नाही. फूटबोर्डवरची थरथर इतकी उतरली की ॲपमध्ये १७ चा काटा शोधावा लागतो. मळ्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो, त्याचा पाय जिथं ठेवला होता तिथंच होता. त्यानं एकदाही हँडल सोडलं नाही. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. कमानी आजच टाकायला दिल्यात.

५० च्या जवळ थोडी थरथर अजून आहे. डिफरन्शिअल ३५ मिमी वर उचलला तर माल असताना डावा कोन १६ वरून पावणेनऊवर येईल, असा माझा हिशेब. बरोबर आहे का? आणि उचलल्यावर चेनची लाइन कशी धरू?

गडहिंग्लजची मेकॅनिकलवाली :

हिशेब बरोबर आहे. रिकाम्या गाडीला कोन एक अंशावर येईल, तेही चालेल. फक्त शाफ्ट कायम अगदी सरळ रेषेत राहील असं करू नका. क्रॉसमधल्या सुया थोड्या फिरायला हव्यात, एकाच जागी दाबल्या गेल्या की खळगे पडतात.

दोन्ही टोकांचे कोन सारखे राहण्यासाठी डिफरन्शिअल उचलताना डाव्या-उजव्या अंगाला तिरका होऊ देऊ नका. दोन्ही बाजूंना एकाच जाडीची पट्टी घाला, बोल्टला वॉशर रचून काम भागवू नका. चेनसाठी मोठ्या स्प्रॉकेटच्या चेहऱ्यावर सरळ पट्टी धरून ती गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटपर्यंत न्या, वरून आणि खालून दोनदा. मग चेनची लांबी नव्यानं बघा, एखादी कडी वाढवावी लागेल.

५० ला मोजलंत का? सेकंदाला साडेदहा आले तर आता टायर बघा, एकवीस आले तर परत इथं लिहा.

मळ्यातला :

साडेदहा-अकरा आहेत. उजवा टायर काढतोय.