‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ची घडण कशी झाली?

प्रश्न: ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ या इंडोनेशियातील तीन मुलींच्या हेवी मेटल (जोरकस रॉक संगीत) बँडविषयी वाचले, तर बहुतेक ठिकाणी चर्चा त्यांच्या हिजाबचीच आढळते. त्यांच्या संगीताची सुरुवात, प्रेरणा आणि पुढील आकांक्षा यांविषयी कोणी सांगू शकेल का?

उत्तर १: पश्चिम जावातील गारुत जिल्ह्यात, मदरशात शिकत असताना, 2014 मध्ये हा बँड उभा राहिला. मार्स्या गाते व गिटार वाजवते, विदी बास गिटार आणि सिती ड्रम्स. शाळेतील एका शिक्षकांमुळे त्यांनी ‘सिस्टम ऑफ अ डाउन’ हा अमेरिकन मेटल बँड ऐकला आणि तेथूनच त्यांची वाट ठरली. ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन रॉक बँडचा प्रभावही त्यांच्या तुटक, ठोसेदार रिफांमध्ये (गिटारवर पुन्हापुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटींमध्ये) स्पष्ट जाणवतो. माझ्या मते या बँडचा खरा कणा विदीचा बास आहे, कारण एकच गिटार असूनही तिच्यामुळे आवाज कोठेही पोकळ वाटत नाही.

उत्तर २: गावात विरोध झाला, धमक्याही आल्या, तरी त्यांनी वादन सोडले नाही, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

उत्तर ३: आकांक्षांविषयी लिहितो. वेशापेक्षा संगीतावरून आपली पारख व्हावी, ही त्यांची जुनी मागणी आहे. 2022 मध्ये त्या जर्मनीतील वाकन या मेटल संगीत महोत्सवात वाजवून आल्या, 2023 मध्ये ‘रेतास’ हा अल्बम आला आणि 2024 मध्ये इंग्लंडमधील ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड ठरला. सुंदानी (पश्चिम जावातील स्थानिक भाषा), इंडोनेशियन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत त्या गातात. सुंदानी गाणी आधी ऐकावीत, असे मी सुचवेन.