पुन्हा कधीच न येणारं गिऱ्हाईक टिप का देतं? मॉडेलमध्ये हे बसवायचं कसं?

समतोल_बिंदू विचारतात:
टिपचं सिम्युलेशन लिहितो आहे. वेटर आधी मेहनत घेतो, त्याला खर्च ख. गिऱ्हाइकाला चांगल्या सेवेचा फायदा फ. मग गिऱ्हाईक टिप ट देतं किंवा देत नाही. एकाच फेरीचा खेळ शेवटाकडून सोडवला की सगळं शून्यावर येतं: सेवा मिळून गेलेली असते, म्हणून टिप नाही, वेटरलाही हे ठाऊक, म्हणून मेहनत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी खेळ पुन्हापुन्हा खेळवला तर टिप टिकते. पण वाटेत एकदाच थांबणारेही टिप देतात, ते यात कुठेच येत नाहीत. 'दानत' नावाचं पद घातलं तर उत्तरच गृहीत धरल्यासारखं होतं. मग काय घालू?

फेरी_अनंत:
आधी नेहमीच्या गिऱ्हाइकाचं गणित तपासा, कारण तिथेही गोची आहे. भविष्याला दिलेलं वजन 'व' (0 ते 1) असेल, आणि टिप बुडवल्यावर चांगली सेवा कायमची बंद होत असेल, तर टिप टिकायची अट व ≥ ट/फ. फायदा 15, टिप 10 असेल तर व किमान 0.67 हवा. वेटरकडून अट एवढीच की ट हा ख पेक्षा जास्त असावा.

कागदावर हे चोख आहे. पण टिप जर सेवेवर लक्ष ठेवायचं साधन असेल, तर सेवा सुधारली की ती ठळकपणे वाढायला हवी. लिन आणि मॅकॉल यांनी 2000 साली अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा सेवेचा दर्जा आणि टिप यांचा सहसंबंध निघाला साधारण 0.11. म्हणजे टिपमधल्या चढउताराचा 2 टक्क्यांहून कमी भाग सेवेमुळे. वेटरची मेहनत एवढ्याशा धाग्यावर तोलून धरू नका. मालकाची देखरेख वेगळं पद म्हणून घाला.

अपेक्षा_वर्ग:
तुम्हाला हवं ते पद म्हणजे मनाची टोचणी, आणि ती दुसऱ्याच्या अपेक्षेला बांधलेली हवी. समाधान स्वतःच्या अंदाजांवरही अवलंबून असणाऱ्या अशा खेळांची मांडणी गीनाकोप्लॉस, पिअर्स आणि स्टाकेटी यांनी 1989 मध्ये केली. वेटरची अपेक्षा किती, याचा गिऱ्हाइकाचा अंदाज अ, टोचणीचा जोर ग. तोटा = ट + (ग/2) × (अ − ट)². यातून सर्वोत्तम टिप अ − 1/ग. उत्तर ऋण आलं तर शून्य. वर्ग मुद्दाम घेतला आहे. टोचणी सरळ रेषेत वाढवली तर प्रत्येक जण एकतर पूर्ण देतो नाहीतर काहीच देत नाही, आणि मधल्या रकमा येतच नाहीत.

आता खरी मेख. पुढच्या फेरीचा अ म्हणून लगेच मागच्या फेरीतल्या टिपांची सरासरी घ्या. अ = 10, ग = 0.5 ठेवलंत तर टिप 8, 6, 4, 2, 0 अशी पाच फेऱ्यांत संपते. केवळ टोचणीवर उभी असलेली रूढी झिजतेच. ओफर अझार यांनी 2004 मध्ये हाच मुद्दा मांडला: अमेरिकेत रूढ टिप 10 टक्क्यांवरून 15 ते 20 टक्क्यांपर्यंत चढली, म्हणजे टोचणीखेरीज दुसरंही काही काम करत असलं पाहिजे. म्हणून देण्यातलं समाधान ह × ट तोट्यातून वजा करा. टिप होते अ − (1 − ह)/ग. काहींचा ह 1 पेक्षा जास्त हवाच. सगळ्यांची मिळून (1 − ह)/ग ची सरासरी ऋण असेल तर रूढी चढते, धन असेल तर उतरते. 'दानत'बद्दलची तुमची शंका इथे सुटते: हे पद एका फेरीचं उत्तर सजवत नाही, रूढीची दिशा ठरवतं, आणि ती आकड्यांशी ताडून पाहता येते.

पडदा_आड:
ग सर्वांना सारखा देऊ नका आणि स्थिरही ठेवू नका. कोणी पाहत असेल तर तो वाढतो. उबरने 2017 मध्ये ॲपमध्ये टिपची सोय दिली. तिथे टिप प्रवास संपल्यावर, एकांतात द्यायची. चंदर, नीझी, लिस्ट आणि म्यूर यांच्या अभ्यासात साधारण 16 टक्के प्रवासांनाच टिप मिळाली. जवळजवळ 60 टक्के प्रवाशांनी एकदाही दिली नाही, प्रत्येक वेळी देणारे सुमारे 1 टक्का. त्यामुळे एकांताच्या मॉडेलमध्ये मोठ्या गटाचा ग शून्याजवळ आणि ह 1 च्या आत ठेवूनच सुरुवात करा.

पडद्यावर सुचवलेले टक्के थेट अ हलवतात. न्यूयॉर्कच्या टॅक्सींवरच्या हग्गाग आणि पाची यांच्या अभ्यासात सुचवलेले आकडे वाढवल्यावर टिपची रक्कम वाढली, पण काहीच न देणारेही वाढले. वरच्या सूत्रात हे येत नाही, कारण अ वाढला की त्यात ट वाढतोच. प्रत्येकाला सहनशीलतेची एक मर्यादा द्या. अ तिच्या पुढे गेला की त्याचा ग आणि ह दोन्ही शून्य, म्हणजे टिपही शून्य.

समतोल_बिंदू:
आभार. डिलिव्हरीसारखी टिप आधी कबूल केली तर?

फेरी_अनंत:
मग ती बोली होते. ऑर्डर घ्यायची की नाही हे त्या आकड्यावर ठरतं, आणि टोचणीचं पद जवळपास काढून टाकता येतं. मात्र कबूल केलेली रक्कम नंतर कमी करता येते का, ते आधी पाहा. येत असेल तर मोठा आकडा दाखवून ऑर्डर लवकर मिळवायची आणि मग तो खाली आणायचा, ही चाल मोकळी राहते. तेव्हा शेवटची फेरी वेगळी लिहा आणि तिथे अपेक्षा_वर्ग यांचं पूर्ण सूत्र लावा, अ म्हणून कबूल केलेली रक्कम धरून.