गावातल्या चर्चचं वर्ष: तुमच्याकडे कसं जातं?

नेवासे तालुका, सध्या पिंपरी

सलाम मंडळी. शहरातल्या मोठ्या चर्चबद्दल बरंच लिहिलं जातं, खेड्यातल्या वीस-पंचवीस घरांच्या मंडळीबद्दल, म्हणजे एका चर्चच्या लोकांबद्दल, फारसं नाही. म्हणून विचारतोय. सणांची यादी नको, ती कॅलेंडरवर असते. कोण येतं, कोण येत नाही, भांडणं कशावरून होतात, ते लिहा.

आधी माझं. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशननं 1831 मध्ये नगरला ठाणं केलं आणि पुढं आसपासच्या खेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, आमची त्यांतलीच. दगडी भिंती, वर पत्रा. कागदावर आमचं वर्ष नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. प्रत्यक्षात ते पावसावर चालतं. जूनमध्ये पेरणीजोगा वाफसा झाला की रविवारच्या उपासनेला म्हातारी माणसं आणि पोरं तेवढी उरतात. पाळकसाहेबसुद्धा उपदेश आवरता घेतात, कारण त्यांनाही दुपारी बहिणीच्या रानात जायचं असतं.

सगळे एकदम दिसतात ते हंगामाच्या सणाला. बाजरी घरात आली की रविवार ठरतो. वेदीपुढं कणसं, भोपळे, घेवड्याची टोपली, अंडी, आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा, जो नेमका प्रार्थनेच्या वेळी आरवतो. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. भोपळा घेणारा तो परत मंडळीला देऊन टाकतो, मग त्याचीच पुन्हा बोली लागते. चारदा विकलेला भोपळा मी पाहिलाय. काही वडीलधाऱ्यांना हे आवडत नाही. त्यांचं म्हणणं, ज्याच्याकडं पैसा तो मिरवतो आणि मूठभर बाजरी आणणारी बाई मागं उभी राहते. मला दोन्ही बाजू पटतात. पण लिलाव बंद केला त्या वर्षी निम्मी माणसं उपासनेनंतर थांबलीच नाहीत, हेही खरं.

शेवगाव तालुका

आमच्याकडं नाताळला चर्च रिकामं असतं.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, त्यामुळं जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मंडळीतले बरेच कोयते अशा रीतीनं पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर. मागं राहतात आज्या आणि शाळेतली पोरं. संडे स्कूल तेव्हा आज्याच चालवतात. माझी आजी अक्षरओळख नसलेली, पण योसेफाला भावांनी विकलं ती गोष्ट अशी सांगायची की पोरं त्या भावांवर चिडून उठायची.

मी स्वतः लहानपणी आईबापाबरोबर फडावर गेलोय. नाताळची सुट्टी वगैरे काही नसते, खाडा पडला की पैसे कापतात. वडिलांनी पाचटाच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, काड्यांची चांदणी बांधली होती, वर जिलेटीनचा लाल कागद. शेजारच्या कोपीतली वंजारी मावशी विचारायला आली, हे कशाचं? आईनं सांगितलं, आमच्या देवाचा वाढदिवस. मावशीनं रात्री गुळाचा शिरा करून आणला. गाणी म्हणायचा बेत होता, पण पहाटे दोनला गाडी भरायला उठायचं म्हणून सगळे झोपले.

टोळ्या परततात मार्च-एप्रिलात. त्यामुळं आमचा खरा मोठा सण ईस्टर. झावळ्यांच्या रविवारी आम्ही ओढ्याकाठच्या शिंदीच्या फांद्या आणतो, काटे बोचतात म्हणून पोरं त्यांनीच मारामाऱ्या करतात. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन, क्रुसावरचे सात उद्गार, प्रत्येकावर वेगळा माणूस बोलतो. पत्रा तापलेला, पंखा असला तर लाईट नसते. पाचव्या उद्गाराची, ‘मला तहान लागली आहे’ याची पाळी एकदा चुलत्यावर आली. त्यांनी फडातल्या पाण्याच्या ड्रमबद्दल पाच मिनिटं सांगितलं आणि बसले. त्या दिवशीचं तेवढंच मला आठवतं.

बाप्तिस्मे, लग्नं, घरभरणी, सगळं एप्रिल-मेमध्ये कोंबलेलं असतं. एकाच रविवारी सात बाळांचा बाप्तिस्मा झालाय आमच्याकडं.

वसई, पश्चिम पट्टा

आमचं कॅथलिकांचं निराळं, आणि खेडं म्हणावं असं गाव आता उरलंय का, हाही प्रश्नच आहे. तरी आगेरा होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणायच्या, फादर आशीर्वाद देतात, मग प्रत्येक घरी एकेक लोंबी जाते. माझ्या आजोबांच्या वेळी ती आपल्या शेतातली असायची. आता शेतं इमारतींखाली गेली. कुणीतरी आतल्या गावातून भारा आणतं तेव्हा आगेरा होतो. दोन वर्षांपूर्वी पुतणीनं विचारलं, ही डेकोरेशनची वस्तू कुठून घेतली?

डिसेंबर मात्र आमचा अजून जोरात. नाताळगोठ्यांसाठी आळीतली मुलं पंधरा दिवस रात्री जागतात. माती, पेंढा, विहीर, रहाट, केळीची बाग, म्हणजे जी वसई उरली नाही तीच सगळी बेथलेहेमच्या नावाखाली मांडलेली. हे मला आवडतं आणि थोडा रागही येतो. शेतं वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा मोर्चात आमच्या आळीतल्या बायका होत्या, हेही लिहून ठेवते.

राहुरी, पेटीवाला

मी उपासनेत पेटी वाजवतो, तेव्हा माझं वर्ष गाण्यांचं. आमच्या मंडळीत इंग्रजी चालीची गीतं आहेत, पण जीव आहे तो अभंगांत. अभंग लिहिणारे कवी ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. ते काही काळ आमच्या राहुरीतही राहिले. त्यांच्या आधीच नगरच्या कृष्ण रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली होती. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर बुधवारी कुणाच्या तरी घरी सभा असते, तिथं पुस्तक उघडावं लागत नाही. म्हाताऱ्या बायका सुरुवात करतात ती काळी चारच्या पट्टीत, मी आपला त्यांच्या मागं सूर शोधत फिरतो.

नवी पोरं कीबोर्ड आणि मोबाईलवरची हिंदी गीतं आणतात. येऊ द्या. माझा आक्षेप आवाजाला आहे. पंचवीस माणसांच्या खोलीत एवढे मोठे स्पीकर कशाला?

नाताळच्या आधीच्या आठवड्यात रात्री घरोघर गाणी. ढोलकी, झांज, पेटी माझ्या गळ्यात. प्रत्येक घरी चहा. दहाव्या घरी चहा नाही म्हटलं की माणसं रुसतात.

पाळकबाई, जालना जिल्हा

आमचे हे पाळक, यांच्याकडे पाच गावं आहेत, म्हणजे प्रभुभोजन एका गावाला महिन्यातून एकदाच. बाकीचे रविवार गावातले वडीलधारेच उपासना घेतात. माझं काम कुठं लिहिलेलं नाही. भगिनी मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, मे महिन्यातली मुलांची सुट्टीतली शाळा, आणि रात्री साडेअकराला दारूच्या भांडणातून पळून आलेल्या बाईला चहा करून देणं. यातलं शेवटचं वर्षभर चालतं, त्याला सणवार नाही.

आमच्या बायका रोज पिठात हात घालताना एक मूठ धान्य बाजूला काढतात. महिनाअखेर ते मंडळीत येतं. दोन वर्षांपूर्वी दुष्काळात ते धान्य ज्या घरातून आलं होतं त्याच घरांत परत वाटलं, आणि कुणी कुणाला हिशेब विचारला नाही.

31 डिसेंबरच्या रात्री बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या ताटात ठेवून फिरवतो. मंडळीतल्या एका भांडकुदळ आजोबांना ‘शांती करणारे ते धन्य’ निघालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही केलं नव्हतं, खरंच.

सावंतवाडी

आमच्या वाडीत चर्च नाही, खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. मे महिन्यात मुंबैकर येतात तेव्हा तिथं लदीन, म्हणजे खुरसापुढची सगळ्यांची प्रार्थना. खुरसाला चुना, पताका, संध्याकाळी प्रार्थना, मग उकडलेले चणे आणि थोडं पिणं. शेजारची हिंदू घरं चण्यांना हमखास येतात. पाऊस लागला की मुंबैकर परत, आणि खुरसावर पुन्हा शेवाळ.

नाव नको, मराठवाडा

विचारलंच आहे कोण येत नाही, तर सांगतो. आमच्यासारखे काही येत नाहीत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. पुढं 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, आम्हाला नाही. मग दाखल्यावर एक धर्म आणि घरात दुसरा, असं पणजोबांपासून चालत आलंय. भावाला नोकरी लागल्यापासून तो नाताळला गावी येतो, पण चर्चच्या फोटोत उभा राहत नाही. मंडळीत कुणी त्याला टोकत नाही. पाळकसाहेब फोटो काढायच्या आधी स्वतःच म्हणतात, तू जरा बूट बघ रे कुणी नेतंय का.

श्रीरामपूर

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. हरेगावची मतमाऊलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा, सप्टेंबरात, 8 तारखेच्या आसपास. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, ते गाव. आमची आई दरवर्षी जायची, माझ्या जन्माचा नवस तिथला. वाटेवर चिखल, उसाचा रस, पाळणे, मेणबत्त्या आणि नारळ विकणारे शेजारी शेजारी. आईला कुणी विचारलं नाही की तू कोण. रांगेत पुढं घुसू नका, एवढंच ओरडत होते.

मंडळीचा खजिनदार, पाथर्डी तालुका

सगळ्यांनी सण लिहिले, पैशाचं मी लिहितो. मार्चअखेर वार्षिक सभा, त्यात कुणालाच खजिनदार व्हायचं नसतं म्हणून मीच. थैलीत रविवारी पडतं ते लाईटबिलाला पुरतं. पत्रे जुलैत गळतात, तेव्हा पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांना फोन. हल्ली खांबाला क्यूआर कोड चिकटवलाय. त्यानं दान वाढलं, पण उपासनेला न येता दान पाठवणारेही वाढले, आणि मंडळीच्या निवडणुकीत मताचा हक्क कुणाला यावरून यंदा सभा दोन तास चालली. शेवटी ठरलं, वर्षात निदान तीन रविवार हजर असेल त्यालाच मत. मुंबईकर नाराज आहेत.

राहुरीचे पेटीवाले दादा, आमच्या पेटीचा भाता फाटलाय. नगरला कुणी दुरुस्त करणारा राहिलाय का? नाताळच्या आत हवी आहे, खर्च सभेत मंजूर करून घेतला आहे.