कॉनर झिलिश: एकोणीस वर्षांच्या पोराला एकाच खुंटीला बांधायचं का?

वळणवेडा:
वर्षभर मनात घोळत असलेला विषय आज मांडतोय. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कॉनर झिलिश, जन्म जुलै 2006, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा. 2025 मध्ये जेआर मोटरस्पोर्ट्सच्या 88 क्रमांकाच्या गाडीतून नॅस्कारच्या (अमेरिकेतल्या स्टॉक कार, म्हणजे बंद छपराच्या जड गाड्यांच्या शर्यती) तेव्हाच्या एक्सफिनिटी मालिकेत (सर्वात वरच्या कप मालिकेच्या खालची पायरी) त्यानं 10 शर्यती जिंकल्या, सलग 18 शर्यतींत पहिल्या पाचांत आला आणि तरीही फिनिक्सच्या शेवटच्या एका शर्यतीत अजिंक्यपद जेसी लव्हकडे गेलं. 2026 पासून तो ट्रॅकहाउसकडून कप मालिकेत पूर्णवेळ.

सगळे आनंदात आहेत. मी नाही, किंवा अर्धाच आहे.

हा मुलगा मुळात ओव्हलवर, म्हणजे नॅस्कारच्या लंबगोल, फक्त डावीकडे वळणाऱ्या ट्रॅकवर वाढलेला नाही. लहानपण कार्टिंगमध्ये गेलं. 2020 मध्ये युरोपात जाऊन त्यानं कार्टिंग अकादमी ट्रॉफी जिंकली. ती जिंकणारा तो पहिला अमेरिकन. मग माझदा एमएक्स-5 कप, मग ट्रान्स-ॲम, या डावी-उजवी वळणांच्या ट्रॅकवरच्या मालिका. जानेवारी 2024 मध्ये, वय सतरा, डेटोनाच्या 24 तासांच्या शर्यतीत इरा मोटरस्पोर्टच्या एलएमपी2 गाडीत (लांब शर्यतींसाठीच बांधलेली हलकी प्रोटोटाइप) बसला आणि त्याच्या संघानं वर्गविजेतेपद मिळवलं. दोन महिन्यांत सेब्रिंगचे 12 तास, तिथंही तेच. त्याच सप्टेंबरात वॉटकिन्स ग्लेनला एक्सफिनिटीतली आयुष्यातली पहिली शर्यत. पोल (सर्वात पुढची सुरुवातीची जागा) त्याचा, शर्यतही त्याची.

आता गाड्यांतला फरक बघा. एलएमपी2 साधारण साडेनऊशे किलोची, कार्बन ब्रेक, प्रचंड डाउनफोर्स (हवेचा खाली दाबणारा जोर). वेग जितका जास्त तितकी ती रस्त्याला चिकटते, म्हणून वेगवान वळणात पाय उचलायचा नाही, विश्वास ठेवायचा. एक्सफिनिटीची गाडी तिच्या दीडपट वजनाची, मागे अखंड ॲक्सल, चार गिअरचा जुन्या पद्धतीचा दांडा. तिथं तोच विश्वास दाखवलात तर भिंतीत. एकाच वर्षात दोन्हीकडे जिंकणं म्हणजे सकाळी तबला आणि संध्याकाळी पखवाज, आणि दोन्ही मैफिली मारणं.

असा हात कपच्या 36 शर्यतींत फेब्रुवारी ते नोव्हेंबर अडकवून टाकायचा, ज्यातल्या बहुतेक ओव्हल? माझं म्हणणं सरळ आहे. त्याला दरवर्षी डेटोना 24 तास मिळालीच पाहिजे, ले मान्स (फ्रान्समधली 24 तासांची शर्यत) मिळालं पाहिजे, आणि दोनतीन वर्षांत इंडी 500 (इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत) सुद्धा.

सेक्टर_तीन:
लेख आवडला, पण तुम्ही मुख्य गोष्ट टाळलीत. रेड बुलचं चिन्ह हेल्मेटवर असलेला, युरोपात कार्टिंग जिंकलेला मुलगा, आणि फॉर्म्युला वनचा उल्लेखच नाही? खरी कसोटी तिथंच. बाकी सगळं दुय्यम.

वळणवेडा:
मुद्दाम टाळली. फॉर्म्युला वनच्या परवान्याला, म्हणजे सुपर लायसन्सला, तीन हंगामांत 40 गुण लागतात. कप मालिकेचा विजेता झाला तरी त्याला 15 मिळतात, आणि तो आकडा विजेत्याचा आहे, पाचव्या-सहाव्याचा नाही. 2022 मध्ये कोल्टन हर्टा इंडीकारच्या (इंडी 500 जिच्यात येते ती अमेरिकी मालिका) सात शर्यती जिंकलेला होता, रेड बुलच्याच दुसऱ्या संघाला तो हवा होता, तरी गुणांवर अडला. झिलिशला तो रस्ता धरायचा तर नॅस्कार सोडून युरोपातल्या फॉर्म्युला थ्री, टू अशा पायऱ्या चढाव्या लागतील. तो दरवाजा त्यानं चौदा-पंधराव्या वर्षी स्वतःच मागे टाकला. आणि फॉर्म्युला वन म्हणजेच कसोटी, हे मला मान्यही नाही.

शार्लटवासी:
गेली अकरा वर्षं शार्लटमध्ये राहतोय, इथल्या मैदानावर वर्षातून दोनतीनदा जातोच. वळणवेडा, तुमचं प्रेम समजतं, पण तुम्ही या पोराचं नुकसान करायला निघालात.

तुमचा सगळा हिशोब ओव्हल म्हणजे सोपं, डावीकडे वळत राहायचं, या समजावर उभा आहे. तसं तुम्ही लिहिलं नाहीत, पण "अडकवून टाकायचा" या शब्दात ते आलंच. ओव्हलवर गाडीची मांडणीच वाकडी असते. चारही चाकांवर वजन सारखं नसतं, ते मुद्दाम तिरपं वाटलेलं असतं, आणि टायर झिजत जातो तसा तो समतोल दर पाच फेऱ्यांनी बदलतो. पुढच्या गाडीमागे हवा फाटलेली असते, तिथं तुमच्या गाडीचं नाक हलकं होतं. शेजारून कोणी घासून गेला तर त्याची हवा तुमच्या मागच्या पंखाला ओढते. हे तीनशे-चारशे फेऱ्या, चाळीस गाड्यांत. दर आठवड्याला मैदान वेगळं: डोव्हर एक मैलाचं काँक्रीट, टॅलाडेगा 2.66 मैलांचं आणि 33 अंशांचा उतार, मार्टिन्सव्हिल जेमतेम अर्ध्या मैलाचं.

हुआन पाब्लो मोंटोया घ्या. 2000 ला पहिल्याच प्रयत्नात इंडी 500, फॉर्म्युला वनच्या सात शर्यती, म्हणजे हाताबद्दल शंका नाही. नॅस्कारमध्ये सात पूर्ण हंगाम काढले. किती जिंकल्या? दोन. 2007 सोनोमा, 2010 वॉटकिन्स ग्लेन. दोन्ही रोड कोर्स, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेले ट्रॅक. आणि ताजं उदाहरण झिलिशच्याच संघातलं: शेन व्हॅन गिसबर्गेन. शिकागोच्या रस्त्यांवर 2023 ला कपच्या पहिल्याच शर्यतीत जिंकला. 2025 मध्ये पाच जिंकल्या, पाचही उजवी-डावी वळणं असलेल्या. ओव्हलवर एकही नाही. ट्रॅकहाउसला आणखी एक तसाच नको आहे.

ओव्हल सोडून फक्त रोड कोर्सचे मोजके रविवार जिंकणारा व्हायचं असेल तर ले मान्सला जा.

वळणवेडा:
ओव्हल सोपं आहे असं मी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. पण मोंटोया तिथं आला तेव्हा तिशी ओलांडलेला होता, गिसबर्गेनही तसाच. सवयी मुरलेल्या. झिलिशच्या 2025 च्या दहा विजयांत पोकोनो, डोव्हर, इंडियानापोलिस हे ओव्हल आहेत. म्हणजे तुमची भीती ज्या आजाराची आहे तो त्याला झालेलाच नाही.

शार्लटवासी:
डोव्हर पावसानं आटोपलेली शर्यत होती. आणि एक्सफिनिटीतलं मैदान मारणं आणि कपमधलं मारणं यात किती अंतर आहे ते जोई लोगानोला विचारा. 2009 ला अठराव्या वर्षी टोनी स्टुअर्टची रिकामी झालेली जागा त्याला दिली. चार हंगाम, दोन विजय, 2012 नंतर संघानं सोडून दिलं. पेन्स्के संघाकडे गेल्यावर सावरला, पुढे तीन वेळा अजिंक्य झाला: 2018, 2022, 2024. ती पहिली चार वर्षं त्याला चिरडून टाकणारी होती. झिलिशपुढे तीच वर्षं आहेत, आणि तुम्ही म्हणताय, मध्ये मध्ये फ्रान्सला जाऊन ये.

वळणवेडा:
लोगानो त्या चार वर्षांत फ्रान्सला गेला नव्हता. सगळं लक्ष कपवरच होतं, तरी चार वर्षं गेली. मग दोष बाहेरच्या शर्यतींना कसा लागतो?

धूळमाती:
दोघंही डांबरावरच भांडताय. अमेरिकेत "सगळ्या गाड्या चालवणारा" ही पदवी मातीत मिळते. टोनी स्टुअर्टनं 1995 ला यूसॅक या संस्थेच्या मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या तिन्ही मालिका एकाच वर्षी जिंकल्या, 1997 ला इंडी रेसिंग लीग, मग कप तीन वेळा. आज काइल लार्सन: नॉक्सव्हिल नॅशनल्स तीनदा, चिली बोल तीनदा (दोन्ही मातीतल्या मोठ्या शर्यती), 2015 ला डेटोना 24 तास, कप 2021 आणि 2025. स्प्रिंट कारमध्ये मागची चाकं सतत सुटलेली असतात, गाडी स्टिअरिंगनं नाही, ॲक्सिलरेटरनं वळवायची. तो हात ज्याला आला त्याला घसरणारी कुठलीही गाडी परकी वाटत नाही.

झिलिश मातीतून आलेला नाही. म्हणून मी त्याला लार्सनच्या रांगेत बसवणार नाही. अजून नाही. आणि गंमत बघा, 2025 च्या एप्रिलात टॅलाडेगाच्या अपघातात झिलिशची पाठ दुखावली, पुढची टेक्ससची शर्यत हुकली, तेव्हा त्याच्या 88 मध्ये लार्सन बसला आणि जिंकूनच उतरला.

शार्लटवासी:
लार्सनचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण माझ्या मुद्द्याचा तो सर्वात मोठा पुरावा आहे. इंडी 500 आणि शार्लटची कपची 600 मैलांची शर्यत, दोन्ही एकाच दिवशी चालवायला तो निघाला. 2024 ला इंडीत पाचव्या स्थानावरून सुरुवात, पिट लेनमध्ये वेगमर्यादा ओलांडली, अठरावा आला. पावसानं उशीर झाला होता, धावपळ करत शार्लटला पोचला तर इथंही पाऊस, एक फेरीही मिळाली नाही. मी त्या रात्री स्टँडमध्ये होतो. लोक पावसात उभे राहून त्याला बघत होते. हेल्मेट घालून पिटजवळ थांबलेला आणि शर्यत संपल्याची घोषणा. 2025 ला दोन्हीकडे अपघात. हे लार्सनचं, तेहतिशीजवळच्या, कपविजेत्या माणसाचं. एकोणीस वर्षांच्या मुलावर तुम्ही ते लादणार?

कोल्हापुरी_कार्टवाला:
थोडं खालून बोलतो, कारण माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि कार्ट चालवतो. दर रविवारी टायर, चेन, पेट्रोल, मेकॅनिक, पंधरा दिवसांनी इंजिन उघडायचं. म्हणून झिलिशच्या यादीतली मला सर्वात मोठी वाटणारी ओळ डेटोनाची नाही, 2020 च्या अकादमी ट्रॉफीची आहे. तिथं सगळ्यांना सारखी चेसी, सारखं इंजिन. बापाचा पैसा तिथं गाडीत घालता येत नाही. त्यात जिंकला, म्हणजे हात खरा आहे, यावर वाद संपला असं मी मानतो.

पण शार्लटवासी साहेबांशी एका बाबतीत सहमत. गाडी बदलली की मुलाचं काय होतं ते मी बघतो. माझ्या पोराला मोठ्या वर्गाच्या कार्टमध्ये दोन रविवार बसवलं, परत आपल्या कार्टमध्ये आल्यावर ब्रेक कुठं मारायचा तेच विसरला. महिना गेला. मोठ्या चालकांना इतका वेळ लागत नसेल, पण काही किंमत द्यावी लागतेच.

आणि आपल्या नरेन कार्तिकेयनला विसरू नका. 2005 ला फॉर्म्युला वन, आणि 2010 ला थेट नॅस्कारच्या (पिकअप) ट्रक मालिकेत. पहिली शर्यत मार्टिन्सव्हिल, तेच अर्ध्या मैलाचं. तेरावा आला! त्या वर्षी प्रेक्षकांनी त्याला मालिकेतला सर्वात लोकप्रिय चालक म्हणून निवडलं. तेव्हा मी टीव्हीवर ते शोधत बसायचो, कुठं दाखवत नव्हते.

वळणवेडा:
नरेनची आठवण काढलीत, मनापासून आभार. ओव्हलचा अनुभव नसलेला माणूस मार्टिन्सव्हिलला तेरावा येतो याचा अर्थच मी म्हणतो तो आहे. चांगला हात नव्या गाडीत हरवत नाही.

मुलाच्या ब्रेकिंगचा मुद्दा मात्र मला चटकन खोडता येत नाही. त्यावर विचार केला. झिलिशच्या बाबतीत 2024 साल उलटं सांगतं: जानेवारी-मार्चमध्ये प्रोटोटाइप, मग सप्टेंबरात स्टॉक कार. मध्ये इतर गाड्या. मार्चमध्ये तर सेब्रिंगनंतर आठवड्याभरातच नॅस्कारच्या ट्रकमध्ये उडी होती.

आणि दुखापतीचा धाक घालणाऱ्यांसाठी: त्याच्या दोन्ही मोठ्या दुखापती नॅस्कारमध्येच झाल्या. पाठ टॅलाडेगाला. गळ्याचं हाड वॉटकिन्स ग्लेनला, तेही जिंकल्यावर गाडीच्या खिडकीत उभा राहताना पाय अडकून पडल्यामुळे. दोन आठवड्यांनी डेटोनाला सुरुवात त्यानं केली आणि पहिल्या संधीला पार्कर क्लिगरमन गाडीत बसला. जिंकली गाडी, नोंद झिलिशच्या नावावर.

सेक्टर_तीन:
म्हणजे दहापैकी एक विजय दुसऱ्यानं चालवून मिळवला आणि तुम्ही तो पुराव्यात मोजताय.

वळणवेडा:
नऊ मोजा. सलग 18 शर्यती पहिल्या पाचांत, तेवढंच धरा.

शार्लटवासी:
पहिल्या पाचांतली ती मालिका मलाही भावते, कारण ती शिस्तीनं येते, चमकून नाही. म्हणूनच मी इतका चिकटून आहे. हा मुलगा कपमध्ये जेफ गॉर्डनसारखा होऊ शकतो. 2003 ला इंडियानापोलिसला गॉर्डननं मोंटोयाची फॉर्म्युला वनमधली विल्यम्स गाडी चालवून पाहिली होती, फार मागे राहिला नाही. सगळे म्हणाले, फॉर्म्युला वनला जायला हवं होतं. तो गेला नाही, आणि कपच्या चार अजिंक्यपदांसह निवृत्त झाला. मला त्यात काही गमावलेलं दिसत नाही.

मी डेटोना 24 तासांना हरकत घेत नाही. ती जानेवारीत, हंगामाआधी. ले मान्स जूनच्या मध्यावर, कपच्या ऐन धामधुमीत. तिथं माझा विरोध, आणि तोही कायमचा नाही: ओव्हलवर कपची एक शर्यत जिंकू दे, मग तो मोकळा.

वळणवेडा:
इंडी 500 मी मागे घेतो. लार्सनच्या दोन्ही वर्षांनंतर ते मागायला मन धजत नाही. डेटोनावर आपलं जमलंच. ले मान्सवर मी हटणार नाही. एखादी शर्यत बुडवून जाता यावं अशी मुभा त्याच्या करारात असायला हवी, कारण एकोणीसचं वय एकदाच असतं आणि रात्री तीन वाजता मुलसानच्या सरळ रस्त्यावर तीनशेच्या पुढे जाण्याची भूक त्या वयातच सर्वात खरी असते.

शार्लटवासी:
ती भूक मला अठ्ठावीसाव्या वर्षीही खरी दिसेल. ओव्हलवरचा विजय आधी.

कोल्हापुरी_कार्टवाला:
मार्टिन्सव्हिल बघायचं मी ठरवलंय, मुलाला घेऊन. वेळ भारतात रात्रीची येईल, उठवीन त्याला. कपच्या गाडीत झिलिश तिथं ब्रेक कुठं मारतो ते दाखवायचंय.