पॉडकास्टवर बोलणाऱ्या माणसांना मराठीत काय म्हणायचं?

कानसेन :
मंडळी, एक अडलेलं काम घेऊन आलोय. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातर्फे आम्ही काही जण पॉडकास्ट करतो. निरनिराळ्या कामधंद्यातल्या माणसांना बोलावतो. आतापर्यंत एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, एक सुईण, एक गोंधळी, ऊसतोडीचे मुकादम आणि डबिंग करणारी एक मुलगी असे येऊन गेले. काही भागांत जुनी पत्रं वाचून दाखवायला वेगळे आवाज घेतलेत. आता श्रेयनामावली लिहायला बसलो आणि गाडी रुतली. बोलायला आलेल्याला काय म्हणायचं? बोलतं करणाऱ्याला काय? पत्रं वाचणाऱ्याला काय? 'पाहुणे' लिहितो म्हटल्यावर मुकादम हसायलाच लागले. म्हणाले, "पाव्हणं? मी काय पोरगी बघाय आलोय व्हय?" इंग्रजी अजिबात नको असा हट्ट नाही, पॉडकास्ट हाच शब्द बाहेरचा आहे. पण यादीभर गेस्ट, होस्ट आणि व्हॉइस आर्टिस्ट लिहिलं तर वाचनालयाचे अध्यक्ष मला दारात उभं करणार नाहीत.

शेवटचा बाक :
अतिथी लिहा. विषय संपला.

मोडीवाचक :
संपला कसला! 'अतिथी'ला आज एकतर सुभाषिताचा वास येतो, नाहीतर लॉजच्या पाटीचा. ज्याला तिथी नाही तो अतिथी, ही फोड आपण शाळेपासून ऐकतो. यास्काने निरुक्तात, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, 'अत्' म्हणजे हिंडणे या धातूवरूनही व्युत्पत्ती सांगितलीय. म्हणजे हिंडत हिंडत दाराशी आलेला. दोन्हींतली कुठलीही घ्या, ज्याला आधी फोन करून, तारीख ठरवून, आदल्या रात्री पुन्हा आठवण करून बोलावलं, त्याला ती लागू होत नाही.

'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघुण', प्राकृत 'पाहुण' असा आलेला. घरातला शब्द आहे आणि घोटाळाही तिथेच आहे. कोल्हापूर-सांगलीकडे एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला "काय पाव्हणं, कुठलं गाव?" असं विचारतात, तेव्हा पाव्हणं म्हणजे परका. त्याच गावात "ते आमचं पाव्हणंच हाईत" म्हटलं की सोयरीक. "उद्या पाहुणे येणार आहेत" असं लग्नाच्या मुलीच्या घरी कोणी म्हणालं तर कांदेपोहे. शाळेच्या गॅदरिंगला 'प्रमुख पाहुणे' म्हणजे शाल-श्रीफळ घेऊन बक्षिसं वाटणारे आणि लांबलेल्या भाषणाचे धनी. मुकादम हसले ते उगाच नाही.

मांडवीकर :
गोव्यात आम्ही कोंकणीत 'सोयरे' म्हणतो ते पाहुण्यांनाच. तुमच्याकडे सोयरा व्हायला लग्न लागतं, आमच्याकडे जेवायला आलात तरी पुरे.

पाटीपेन्सिल :
मुलाखत घेणारा मुलाखतकार, मग देणाऱ्याला 'मुलाखतार्थी' म्हणू या का?

शेवटचा बाक :
परीक्षार्थीसारखा घाम फुटेल त्याला.

मोडीवाचक :
घाम फुटेलच, कारण 'मुलाखत' आपण फार अरुंद करून टाकलाय. मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, अर्थ नुसती भेट. हिंदीत 'मुलाक़ात' अजून भेटच आहे. मराठीत आज एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तरं द्यायची म्हणजे मुलाखत, आणि त्यातही पहिली आठवते ती नोकरीची. आणि गंमत बघा, विचारणाऱ्याला शब्द आहे, सांगणाऱ्याला नाही. सुधीर गाडगीळांचं नाव घेतलं की 'मुलाखतकार' असं आपण लगेच म्हणतो. त्यांच्यासमोर बसलेला माणूस कवी असतो, गायक असतो, डॉक्टर असतो. तो समोर बसतोच मुळी त्याच्या कामामुळे, म्हणून वेगळ्या नावाची गरज कोणाला भासली नसावी.

कानसेन :
हे खरंय. आमच्या सुईणबाईंना "तुमची मुलाखत घ्यायचीय" म्हटलं तर त्यांनी आधी "कसली भरती निघालीय?" असं विचारलं. "गप्पा मारायला या" म्हटल्यावर लगेच हो म्हणाल्या.
बरं, होस्टचं काय? यजमान?

पाटीपेन्सिल :
आमच्याकडे 'यजमान' म्हणजे नवरा. "आमचे यजमान ऑफिसला गेलेत." तुमच्या पॉडकास्टवर दर आठवड्याला "आपले यजमान" असं ऐकून बायका काय म्हणतील त्याचा विचार करा. आणि बोलतं करणारी बाई असेल तर 'यजमानीण'?

दिवटी :
पण गोंधळ्याच्या भागापुरता 'यजमान' अगदी चपखल बसेल. ज्याच्या घरी गोंधळ घातला जातो तो यजमानच. आमच्या आजोळी अजून घालतात. संबळ, तुणतुणं, दिवटी आणि मध्यभागी चौक मांडलेला. आधी गावोगावच्या देवांना नावं घेऊन आवतण देतात, मग आख्यान लागतं. मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार त्याला मध्येमध्ये आडवे प्रश्न टाकतो, "असं कसं झालं?", "मग राजा काय म्हणाला?". काही प्रश्न मुद्दाम खुळ्यासारखे विचारतो म्हणजे लोक हसतात आणि कथाही पुढे सरकते. तुमचा होस्ट दुसरं काय करतो? पोवाड्यातही शाहिरामागे 'जी जी' ओढणारे झीलकरी असतात, ते नसले तर शाहिराला दम घ्यायला जागा उरत नाही. म्हणून गोंधळ्याच्या भागात बोलतं करणाऱ्याला 'यजमान'पेक्षाही 'साथीदार' लिहून बघा. गोंधळी खूश होतील.

शेवटचा बाक :
मग सगळ्याच भागांत 'सूत्रधार' लिहा की. नाटकवाल्यांचा जुना शब्द आहे.

मोडीवाचक :
नाटकात नांदीनंतर सूत्रधार येतो हे खरं. पण पेपर उघडा. "दरोड्याचा मुख्य सूत्रधार फरार." बातमीदारांनी तो शब्द इतका वापरलाय की आता सूत्रधाराच्या मागे पोलीस असणार असंच वाटतं. 'सूत्रसंचालक' सुरक्षित आहे, पण तो मंचावरचा. दोन खुर्च्या आणि एक माईक एवढ्यात सूत्र कसलं आणि संचालन कसलं?

'निवेदक' मला जास्त आवडतो, पण त्याचं काम वेगळं आहे. निवेदन म्हणजे कळवणं, पुढे ठेवणं, अर्पण करणं. 'नैवेद्य' त्याच घराण्यातला. तहसीलदाराला देतात तेही निवेदन आणि रेडिओवर दोन गाण्यांमध्ये असतं तेही निवेदन. पुणे आकाशवाणीच्या सुधा नरवणे, दूरदर्शनचे प्रदीप भिडे हे वृत्तनिवेदक. त्यांच्या हातात मजकूर तयार असे, तो नेमका, स्वच्छ आणि आपला रंग न चढवता आपल्यापुढे ठेवणं हे त्यांचं कसब. समोरच्याकडून काढून घेणारा निवेदक नव्हे. उलट तुमच्या सुईणबाई करतात ते निवेदनाच्या जास्त जवळ जातं. नवविधा भक्तीत पहिलं 'श्रवण' आणि नववं 'आत्मनिवेदन'. दासबोधाच्या चौथ्या दशकात एकेका भक्तीला एकेक समास दिलाय. श्रवणापासून निघून आत्मनिवेदनापर्यंत पोचायचं, पॉडकास्टच्या धंद्याला हा क्रम वाईट नाही.

कानसेन :
सुईणबाईंना 'आत्मनिवेदिका' लिहिलं तर त्या मला काठीने मारतील. पण मुद्दा पटला.
आता आवाजवाल्यांकडे या. त्यांचं काय करू? आमच्यातले एक जण 'स्वर' लिहा म्हणतात, एक 'आवाज कलाकार' म्हणतात.

खर्ज :
मी डबिंग करते, म्हणून बोलते. 'स्वर' नको. मराठीत श्रेयनामावलीत 'स्वर' दिसलं की खाली गायकाचं नाव शोधतात. बोलणाऱ्याचा तो 'आवाज'. "आवाज दिला" हा आमच्या धंद्यातला चालता वाक्प्रचार. २०२१ साली अल्लू अर्जुनच्या 'पुष्पा'ला हिंदीत श्रेयस तळपदे यांनी आवाज दिला, असंच सगळे म्हणाले. 'ध्वनी दिला' कोणी म्हणालं नाही. फक्त मुंबईत "खाली पोचलीस की आवाज दे" म्हणजे हाक मार, एवढं सांभाळा.

'आवाज कलाकार' हा 'व्हॉइस आर्टिस्ट'चा शब्दाला शब्द ठेवून केलेला तर्जुमा आहे. स्टुडिओत तो कोणी बोलत नाही. तिथे 'व्हॉइस आर्टिस्ट'च चालतं, किंवा सरळ "डबिंग करते". आणि खरं सांगायचं तर आवाज हा भाग कमीच असतो. काम ओठांचं असतं. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथे मिटतात तिथे माझेही मिटले पाहिजेत. प, फ, ब, भ, म. शाळेत 'ओष्ठ्य वर्ण' म्हणून घोकलेली ओळ मला पहिल्यांदा कामाला आली ती तिथे. हिंदीतून मराठीत आणताना 'मैं'चं 'मी' फुकटात मिळतं, 'पर'चं 'पण' मिळतं. पण कोणी मोठ्ठा चेहरा करून "कभी नहीं" म्हणाला की वाट लागते. 'भी'ला ओठ मिटलेले स्पष्ट दिसतात आणि आपलं 'कधी' उघड्या तोंडाने जातं. लेखकाने 'कदापि नाही' लिहून दिलं होतं. ओठ साधारण जुळले, पण गल्लीतला गुंड एकदम कीर्तनाला उभा राहिल्यासारखा वाटायला लागला. शेवटी "छे, मुळीच!" केलं. 'भी'च्या जागी 'मु' आला, लांबी बसली, 'नाही' गेलं, मानेच्या झटक्यात ते होतंच. आता या कामाला 'आवाज' म्हणा, 'अभिनय' म्हणा, नाहीतर 'शिवणकाम' म्हणा.

मोडीवाचक :
नाट्यशास्त्राने याची वाटणी कधीच करून ठेवलीय. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार. तुमचा तो 'वाचिक'. 'वाचिक अभिनय' हे श्रेयात लिहायला जड नाही.

खर्ज :
डबिंगला चालेल. पत्रं वाचणाऱ्यांना नको. पत्र वाचताना अभिनय चढला की ऐकवत नाही. रंगमंचावरून आलेल्यांची हीच अडचण होते. नाटकात 'शब्दफेक' शिकवतात, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे. माईक वीतभर अंतरावर असतो, त्याच्यावर शब्द फेकलात तर प्रत्येक 'प' आणि 'भ' फुंकर मारल्यासारखा आदळतो. त्यांना 'अभिवाचन' लिहा. हा शब्द हल्ली रुळलाय आणि नुसतं वाचन नाही, नाटकही नाही, असा मधला अर्थ त्यात बरोबर येतो.

दिवटी :
आणि रेडिओवरच्या नाटकांची 'श्रुतिका'? 'नभोनाट्य'? आमची आई अजून तेच म्हणते. बाळ कुरतडकर म्हटलं की तिला मुंबई आकाशवाणीवरचे टेकाडे भावजीच आठवतात.

मोडीवाचक :
श्रुतिका ही कलाकृती झाली, माणूस नव्हे. तुम्ही पत्रांचे प्रसंग बसवून, पात्रं वाटून केलेत तर त्या तुकड्याला बेलाशक 'श्रुतिका' म्हणा. 'नभोनाट्य' मात्र नभातून आलं पाहिजे, आणि पॉडकास्ट तर मोबाईलमध्ये उतरवून ठेवतात.

माणसाला शब्द घडवायचाच असेल तर नमुना म्हणून 'शब्दभ्रमकार' बघा. यशवंत पाध्ये आणि रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांमुळे तो घरोघरी पोचला. बोलतो माणूस, आपल्याला वाटतं बाहुलं बोलतंय. भ्रम कोणाचा, कशाने, सगळं शब्दातच आलं. हा शब्द टिकला कारण तो एकाच कामाचा आहे. 'आवाज कलाकार' एकाच वेळी डबिंगवाला, निवेदक, जाहिरातवाला, नकलाकार, पुस्तक वाचणारा अशा सगळ्यांना कवेत घ्यायला निघतो आणि कोणाच्याच अंगाला बसत नाही.

आणि एक बघा. आपली श्रेयनामावली बहुतेक वेळा माणसाला नाव देत नाही, ती कामाला देते. नाटकाची जाहिरात काढा. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, संगीत, प्रकाशयोजना. 'लेखक', 'नेपथ्यकार' फारसं नसतं. यात निवेदक की निवेदिका हा घोळही मिटतो. तुम्ही इतका वेळ माणसाला शब्द शोधताय, क्रियेला शोधा.

पाटीपेन्सिल :
आता कसं, मास्तर बोलले.

कानसेन :
म्हणजे बोलतं करणाऱ्यापुढे 'संवाद'?

खर्ज :
'संवाद' नको, सिनेमात 'संवाद' म्हणजे डायलॉग लिहिणारा. लोकांना वाटेल सुईणबाईंना तुम्ही वाक्यं लिहून दिली.

कानसेन :
अरे देवा. मग 'गप्पा'?

दिवटी :
'गप्पा' छान आहे. मुकादमांनाही चालेल.

शेवटचा बाक :
अध्यक्षांना चालेल?

कानसेन :
त्यांना 'अभिवाचन' दाखवून गप्प करतो. कच्चा मसुदा असा :

भाग दुसरा : सुईण (पुढे नाव)
गप्पा : (आमच्यातली दोघं)
पत्रांचं अभिवाचन : (दोघं)
ध्वनिमुद्रण आणि संकलन : (एक जण, तोच चहाही करतो)

पाहुणा, अतिथी, काही नाही. आधी कामधंदा आणि मग नाव. फक्त एक शंका राहिली. कंडक्टरसाहेब म्हणतात 'वाहक' लिहा, बिल्ल्यावर तेच होतं. बाकी सगळे म्हणतात 'कंडक्टर' लिहा, 'वाहक' वाचून लोकांना डास आठवेल.

मोडीवाचक :
बिल्ला त्यांचा आहे. 'वाहक' लिहा.

शेवटचा बाक :
डासाचा भाग कधी करताय?