स्लीप अ‍ॅप्निया: सीपॅप सांगितलंय, मास्क कुठला घ्यावा?

निशाचर: बाबांची (58, बीपीच्या तीन गोळ्या) घरीच स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची चाचणी) झाली. झोपेत घसा मिटून श्वास थांबतो (स्लीप अ‍ॅप्निया), म्हणून सीपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन सांगितलंय. एएचआय 34, रक्तातला ऑक्सिजन 78 टक्क्यांपर्यंत खाली. वजन उतरवून भागेल का, की मशीन लागेलच? आणि मास्क कुठला?

कंठस्थ: एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अडला, किमान 10 सेकंद अडला तरच मोजतात. 30 च्या वर तीव्र. 34 म्हणजे सरासरी पावणेदोन मिनिटांना एकदा. घरच्या चाचणीत बहुधा मेंदूचे तरंग मोजत नाहीत, त्यामुळे जागेपणाचा वेळही भागाकारात येतो आणि आकडा कमी दिसू शकतो.

वजन जरूर उतरवा, पण मशीन त्यासाठी थांबवू नका. 10 टक्के वजन घटलं तर एएचआय साधारण पाव हिस्सा उतरतो. म्हणजे 25 च्या आसपास, तोही मध्यमच.

तीन गोळ्या घेऊनही बीपी चढंच असेल तर संशय आधी स्लीप अ‍ॅप्नियाचाच घ्यावा. घसा मिटतो, ऑक्सिजन पडतो, मेंदू दचकून जागा होतो आणि अ‍ॅड्रेनालिन उसळतं. रात्रभर हेच चक्र. बंद घशातून हवा ओढताना हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं. रात्री तीन-तीनदा उठणं सरसकट प्रोस्टेटच्या माथी मारतात, त्यातलं बरंचसं हे असतं. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो, तेव्हा एक ईसीजी काढून घ्या. थायरॉइडही तपासा.

नळी_आणि_पट्टा: नाक मोकळं असेल तर नेझल मास्क (फक्त नाकावर बसणारा) किंवा पिलो (नाकपुड्यांशी टेकणारा छोटा). फुल फेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) आधी घेऊ नका: कडा लांब, म्हणून गळायला जागा जास्त, शिवाय खालचा पट्टा आवळला की जबडा मागे ढकलला जातो.

पट्टे बसून लावू नका. मशीन चालू करून, आडवं होऊन, दाब चढल्यावर लावा. गळती झाली की सगळे पट्टा आवळतात, तिथेच चुकतं. मास्कची उशी (चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) फुगूनच बसते, दाबली की सुरकुती पडून जास्त गळते. मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवा. उशी रोज सौम्य साबणाने धुवा. चेहऱ्याचं तेल साचलं की ती घसरते.

ऑटो मशीन (गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारी) बरेचदा 4 ते 20 (सेंटिमीटर पाणी, हे दाबाचं एकक) अशी मोकळी सोडून देतात. 4 वर हवा पुरत नाही, माणूस गुदमरून मास्क काढतो. डॉक्टरांना सांगून किमान दाब वाढवून घ्या.

निशाचर: नाक रात्री चोंदतं त्यांचं.

नळी_आणि_पट्टा: मग तापणारा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) हवाच, त्यात डिस्टिल्ड पाणी. झोपण्याआधी सलाईनने नाक धुवा. तरी चोंदलं तर ईएनटीकडून स्प्रे. नाक बंद की तोंड उघडतं आणि सगळी हवा तोंडावाटे जाते. नळीत पाणी साचून खळखळ झाली तर मशीन डोक्याच्या पातळीखाली ठेवा.

कंठस्थ: मशीनवरचा उरलेला एएचआय 5 च्या खाली हवा. मशीनमधलं नोंदींचं कार्ड डॉक्टरांना दाखवत राहा. झोपेची गोळी आणि रात्रीचं मद्य दोन्ही बंद, त्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधी हे सांगा, मशीन सोबत न्या.