भावाच्या अपघात खटल्यात प्ली बार्गेनिंगचा अर्ज करावा, की खटला लढवावा?

वाटसरू_जुन्नर यांचा प्रश्न

नोव्हेंबर २०२४ मध्ये माझा धाकटा भाऊ पहाटे टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो घेऊन नारायणगावच्या बाजाराकडे निघाला असताना एका वळणावर समोरून येणाऱ्या मोटारसायकलीशी त्याची धडक झाली. दुचाकीस्वार रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच गेले. मागे बसलेल्या त्यांच्या पत्नीच्या मनगटाचे हाड मोडले. भाऊ पळून गेला नाही, रुग्णवाहिकाही त्यानेच बोलावली. त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) (निष्काळजीपणाने मृत्यू), १२५ (निष्काळजीपणाने दुखापत) आणि २८१ (बेदरकार वाहन चालवणे) खाली गुन्हा नोंदवला गेला, त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि आता मागच्या आठवड्यात आरोप निश्चित झाले आहेत.

आमचे वकील म्हणतात की हा त्याचा पहिलाच गुन्हा असल्यामुळे प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून त्या बदल्यात शिक्षेत सवलत मागण्याचा अर्ज करावा, पुढच्या पक्षाला काही रक्कम द्यावी आणि तीन-चार महिन्यांत मोकळे व्हावे, नाहीतर सहा-सात वर्षे तारखांना जावे लागेल. भाऊ तयार आहे. प्रत्येक तारखेला एक भाडे बुडते आणि टेम्पोचे हप्ते चालूच आहेत. मी मात्र घुटमळतो आहे, कारण चूक आपली होती की नाही हे त्याचे त्यालाच ठरवता येत नाही. समोरचा दिवा डोळ्यांवर आला, एवढेच त्याला आठवते. न केलेली चूक कबूल करून मोकळे होणे शहाणपणाचे आहे का? आणि चूक झालीच असेल, तर पैसे देऊन शिक्षा कमी करून घेणे बरोबर आहे का? कबुलीचा परिणाम परवान्यावर आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या दाव्यावर काय होईल, हेही जाणकारांनी सांगावे.

तालुका_वकील यांचे उत्तर

‘मोकळे व्हावे’ हा शब्द तुमच्या वकिलांनी वापरला असेल, तर त्याचा नेमका अर्थ त्यांना विचारून घ्या. तडजोडपात्र, म्हणजे दोन्ही पक्षांना आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यात तडजोड झाली की आरोपीची निर्दोष मुक्तता झाल्यासारखाच परिणाम होतो. प्ली बार्गेनिंगमध्ये तसे होत नाही. तेथे दोषसिद्धी होते, ती नोंदीवर राहते, आणि सवलत मिळते ती फक्त शिक्षेच्या मोजमापात. भावाने उद्या कोठे नोकरीसाठी अर्ज केला, तर चारित्र्य पडताळणीत ही शिक्षा दिसणारच.

आता ते मोजमाप पाहू. कलम १०६(१) ला कमाल पाच वर्षे कैद आणि दंड आहे, किमान शिक्षा नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशा गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या चौथ्या हिश्श्याइतकी शिक्षा देता येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्यासाठी तो सहाव्या हिश्श्यावर आणला. साठ महिन्यांचा सहावा हिस्सा म्हणजे दहा महिने. ही सवलत कमाल शिक्षेपासून मोजली जाते, ही गोष्ट बहुतेक पक्षकारांच्या लक्षात येत नाही. किमान शिक्षाच नसलेल्या गुन्ह्यात खटला पूर्ण चालून दोषी ठरलेल्या, मदतीला थांबलेल्या आणि पूर्वी कोणताही गुन्हा नसलेल्या चालकाला न्यायालय दहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षाही देऊ शकते. मग सवलत कशाची घेतली, असा प्रश्न उरतो. परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा मार्ग कायद्याच्या प्ली बार्गेनिंगवरच्या प्रकरणातही खुला ठेवलेला आहे. परंतु निष्काळजी वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्या चालकांना परिविक्षेचा लाभ सहसा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दलबीर सिंग खटल्यात बजावले आहे. त्यामुळे ‘तुरुंगात जावे लागणार नाही’ असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते कशाच्या आधारावर, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तुमच्या प्रश्नातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि ते तुम्ही ओघात लिहून गेला आहात. मागे बसलेल्या पत्नी जखमी झाल्या. स्त्री किंवा बालक यांच्याविरुद्ध घडलेल्या गुन्ह्याला कायद्याचे हे प्रकरण लागू होत नाही. कलम १२५ खालचा आरोप त्या बाईंना झालेल्या दुखापतीचा आहे, तेव्हा अर्ज या एका मुद्द्यावर अडू शकतो. यावर उपाय असा की दुखापतीचा आरोप जखमीच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडपात्र आहे. आधी तेवढा भाग मिटवून मग १०६(१) पुरता अर्ज करता येईल का, हे वकिलांशी बोला. मुदतीकडेही लक्ष ठेवा, कारण अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत करायचा असतो.

लढवायचे की नाही हे दोषारोपपत्र वाचल्याशिवाय ठरवू नये. तारखांचा कंटाळा आला हे कारण पुरेसे नाही. घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, ब्रेकच्या खुणा, दोन्ही वाहनांचा तपासणी अहवाल आणि प्रत्यक्षदर्शीने नेमके काय पाहिले, एवढे समोर ठेवा. ‘टेम्पो भरधाव होता’ एवढ्या एका वाक्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. अशा खटल्यांत आरोपी सुटतात ते बहुधा याच जागी. टेम्पो वळणावर उजव्या अंगाला गेल्याचे नकाशात स्वच्छ दिसत असेल, तर मात्र माझा सल्ला वेगळा असेल.

उरलेले थोडक्यात सांगतो. अर्जात किंवा जबाबात भावाने जे सांगितले, ते कायद्याच्या या प्रकरणाबाहेर, दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण दोषसिद्धीचा निकाल हा निकालच असतो, आणि तो न्यायाधिकरणासमोर कोणीही हजर करील. परवाना ठरावीक काळासाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला दिलेला आहे. आणि या निकालावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, एवढेच दोन दरवाजे उरतात.

जुना_शिरस्तेदार यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी हिशेब चोख मांडला आहे. मी न्यायालयाच्या कचेरीत एकतीस वर्षे काढली, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो.

या पद्धतीला आपल्याकडे दार उघडले ते बऱ्याच नाखुशीने. १९७६ साली महाराष्ट्रातल्याच एका खाद्यतेल भेसळीच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा सौद्यावर कडक ताशेरे ओढले होते, कारण आरोपी, सरकारी पक्ष आणि न्यायालय या तिघांचीही त्यात सोय होते आणि भेसळीचे तेल खाणारा समाज त्या खोलीत नसतो. १९८० च्या गुजरातमधल्या खटल्यात तर आरोपीने सौम्य शिक्षेच्या भरवशावर गुन्हा कबूल केला, दंडाधिकाऱ्यांनी न्यायालय उठेपर्यंतची कैद दिली, आणि मग उच्च न्यायालयाने ती शिक्षा वाढवली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ही कबुलीच रद्द ठरवली. निर्दोष माणूस त्रास टाळण्यासाठी कबुली देईल, ही भीती त्यामागे होती. पुढे विधी आयोगाने १९९१ च्या १४२ व्या अहवालात अनुकूल मत दिले, २००३ मध्ये मलिमथ समितीने ते उचलून धरले, आणि ५ जुलै २००६ पासून तरतूद अमलात आली.

ती भीती खोटी होती असे मला अजूनही वाटत नाही. चोरीच्या आरोपातला कच्चा कैदी पिंजऱ्यात उभा राहून ‘साहेब, कबूल’ म्हणतो, तेव्हा तो बऱ्याचदा मनातल्या मनात तुरुंगात काढलेले महिने मोजत असतो. जामीनदार मिळत नाही आणि भोगलेल्या कैदेइतकीच शिक्षा झाली तर आज संध्याकाळी घरी जाता येईल, एवढाच त्याचा हिशेब. त्यातल्या किती जणांनी खरोखर चोरी केली होती, हे रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत कधीच उतरत नाही. न्यायाधीश आरोपीला बंद खोलीत, दुसरा पक्ष नसताना, ‘हे स्वखुशीने करतोस ना’ असे विचारतात, ही तरतूद चांगली आहे. पण बाहेर पोटाची चिंता उभी असेल, तर आत कोणीही होच म्हणणार. तुमचा भाऊ जामिनावर आहे, म्हणजे त्याला विचार करायला सवड आहे. ती त्याने वाया घालवू नये.

अमेरिकेशी तुलना करणारे लेख वाचून घाबरू नका किंवा हुरळूनही जाऊ नका. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नमूद केल्याप्रमाणे संघीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून येतात. तेथे आरोपच बदलता येतो. १९७८ सालच्या एका खटल्यात ८८ डॉलर ३० सेंटच्या बनावट धनादेशासाठी सरकारी वकिलाने पाच वर्षांचा प्रस्ताव दिला, आरोपीने तो नाकारल्यावर सराईत गुन्हेगाराचे कलम लावले, आणि त्याला जन्मठेप झाली. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तेही चालवून घेतले. आपल्या सरकारी वकिलाच्या हातात असे अस्त्र नाही, सौदा फक्त शिक्षेपुरता होतो. बाकी, मुंबई हल्ल्यातल्या डेव्हिड हेडलीमुळे आपल्या लोकांच्या मनात प्ली बार्गेनिंग म्हणजे सुटका असे बसले आहे. त्याला फाशी आणि भारताकडे प्रत्यार्पण, या दोन गोष्टी टळल्या. पस्तीस वर्षांची शिक्षा झालीच. मुंबईच्या न्यायालयात तो पुढे माफीचा साक्षीदार झाला, तो प्रकार पूर्ण निराळा आहे.

मंजिरी_ठा यांचे उत्तर

मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे, म्हणून लिहिते. २०१८ मध्ये माझा भाऊ अशाच अपघातात गेला. जीपचालकाने जुन्या कायद्याखाली अर्ज केला आणि माझ्या भावजयीला नोटीस आली. मी सोबत गेले.

छोटी खोली होती, एका भिंतीला फायलींचे कपाट आणि त्याला टेकून ठेवलेल्या प्लास्टिकच्या चार खुर्च्या. चालक आमच्याकडे न बघता हातातल्या शपथपत्राची घडी उलगडत आणि पुन्हा घालत होता. पहिल्या बैठकीत वीस मिनिटे फक्त रकमेवर बोलणे झाले. किती, किती हप्त्यांत, धनादेश की डिमांड ड्राफ्ट. माझ्या भावाचे नाव त्या वीस मिनिटांत कोणी घेतले नाही. शेवटी वहिनीच म्हणाली, ‘त्या दिवशी काय झाले ते यांनी एकदा सांगावे.’ सरकारी वकील घड्याळ पाहत होते, पण न्यायाधीशांनी बोलू दिले. चालक अडखळत, जेमतेम सहा-सात वाक्ये बोलला. मोबाइल वाजला आणि आपण खाली पाहिले, हे त्यातले एक वाक्य होते. पोलिसांच्या कागदांत ते कोठेही नव्हते.

त्या एका वाक्यासाठी वहिनी तयार झाली, रकमेसाठी नाही. खटला चालला असता तर त्याच्या वकिलांनी सर्व दोष माझ्या भावावर टाकला असता, हेल्मेट होते का, वेग किती होता, आणि वहिनीला उलटतपासणीत उभे राहून ते ऐकावे लागले असते. ते टळले याचे मोल मला आहे. राग येतो तो घाईचा. पैसे देऊन शिक्षा कमी करणे बरोबर का, असे तुम्ही विचारता. पैसे आम्हाला हवे होते, भाचे लहान होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तुमच्या भावाला खरोखर काही आठवत नसेल, तर तो त्या खोलीत काय सांगणार? ठरल्याप्रमाणे पाठ केलेली कबुली पुढच्या माणसाला लगेच कळते.

वाटसरू_जुन्नर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी दोषारोपपत्र पहिल्यांदाच पानापानाने वाचले. नकाशात ब्रेकची खूण रस्त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे टेम्पोच्याच बाजूला दाखवली आहे. एकमेव प्रत्यक्षदर्शी चहाच्या टपरीवरचा असून त्याने आवाज ऐकून मागे वळून पाहिले, असे त्याचाच जबाब सांगतो. वकिलांना हे दाखवल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि सोमवारी बोलावले. मंजिरीताई, तुमचे उत्तर भावाला वाचून दाखवले. खटला लढवायचा ठरला तरी त्या बाईंना एकदा भेटून यावे, असे तो म्हणतो आहे. ते चालेल का?

तालुका_वकील

आत्ता नको. साक्षी होण्यापूर्वी आरोपीने साक्षीदाराच्या घरी जाणे म्हणजे दबाव आणल्याचा आरोप ओढवून घेणे आणि जामीन धोक्यात घालणे. बोलायचे असेल तर न्यायालयामार्फत, दोन्ही वकिलांच्या उपस्थितीत बोलावे. सोमवारपूर्वी एक काम करा. रोजनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या. आरोप निश्चित झाल्याची तारीख त्यात जी लिहिली असेल, तेथूनच तुमचे तीस दिवस मोजले जातील.